पाकट पाण्याबाहेर का उडते?



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा मोठमोठे विषय येतात. राष्ट्र, धर्म, वाङ्मय, शिक्षण, अर्थकारण. अशा भारदस्त पंक्तीत आज मी एक मासा आणून बसवीत आहे, याचा आपल्यापैकी काहींना संकोच वाटत असेल. माझ्या शाकाहारी मित्रांना तर तो नक्कीच वाटत असेल. पण त्यांनी निर्धास्त असावे. हा मासा पानात वाढण्यासाठी आणलेला नाही, एका प्रश्नासाठी आणलेला आहे. प्रश्न पाच वर्षांच्या मुलाने विचारावा असा आहे : पाण्यात जन्मलेले, पाण्यात श्वास घेणारे आणि पाण्यातच मरणारे हे जनावर मधूनच पाण्याबाहेर उड्या का मारते?

प्रथम जनावराची ओळख करून देतो. कोकणातल्या मंडळींना ती नको आहे. ज्याला आपण पाकट म्हणतो, काही ठिकाणी वागळी म्हणतात, तेच हे. मुशीचे हे भावंड. मुशीसारखेच याच्या अंगात खरे हाड नाही, सारा सांगाडा कूर्चेचा. फरक एवढाच की, लाटण्याखाली पोळी सपाट व्हावी तसे याचे शरीर सपाट झालेले आहे, आणि दोन्ही बाजूंचे पर रुंदावून त्यांचे पंख बनले आहेत. पुष्कळशी पाकटे समुद्राच्या तळाशी वाळू अंगावर घेऊन पडून असतात. परंतु या घराण्याच्या एका शाखेने तळ सोडला आणि ती मोकळ्या पाण्यात पंख हलवीत हिंडू लागली. गरुड पाकट, गोमुखी पाकट, आणि ज्यांना इंग्रज खलाशी ‘सैतानमासा’ म्हणत ती मोबुला जातीची पाकटे, ही त्या शाखेतली. मोबुलाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारखे दोन पडदे असतात. ते पाणी तोंडात वळवून घेण्यासाठी आहेत. पण खलाशांना ती सैतानाची शिंगे वाटली. आपण एका सागरी प्राण्याला देवमासा म्हणतो, त्यांनी दुसऱ्याला सैतान केले. प्राण्यांना याची काहीच वार्ता नसते. यांच्यातला सर्वांत मोठा तो मांटा. मांटा हा स्पॅनिश शब्द, त्याचा अर्थ घोंगडी. सात मीटर रुंदीची घोंगडी समुद्रात पोहते आहे, अशी कल्पना करा, म्हणजे मोठा मांटा डोळ्यांपुढे येईल. आणि एवढ्या धुडाचे अन्न काय, तर पाण्यात तरंगणारे झिंग्यासारखे बारीक जीव!

हा उड्यांचा खेळ पाहायचा तर मेक्सिकोच्या पश्चिमेस, कॅलिफोर्नियाच्या आखातात जावे लागते. तिथे वसंत ऋतूत लहान जातीच्या मोबुलांचे थवे जमतात. शेकड्यांनी नव्हे, हजारांनी. विमानातून पाहणाऱ्याला निळ्या पाण्यावर काळ्या पानांचा सडा पडल्यासारखे दिसते. मग त्यातले एक पाकट वर उसळते, पंख हलवीत हवेत चढते, आणि पोट खाली करून धाडकन पाण्यावर आदळते. त्याच्यामागून दुसरे, तिसरे. काही तर हवेत कोलांटी घेतात. आवाज असा की, चार घरच्या बायका एकदम भाकऱ्या थापायला बसल्या आहेत असे वाटावे. या जातीला वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाचे नाव दिलेले आहे. १९१७ साली व्हिएन्नात जन्मलेला हा माणूस अमेरिकेत गेला, आणि दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यावरच्या लाटांचे भाकीत करण्याची पद्धत त्याने व त्याचे गुरू स्वेर्ड्रुप यांनी बसवली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ साली सैन्य उतरले, त्या वेळी ही पद्धत उपयोगी पडली. १९८७ साली एका इटालियन शास्त्रज्ञाने या पाकटाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला मंकचे नाव दिले. मंक २०१९ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. लाटांचा हिशेब सांगणाऱ्या माणसाचे नाव अशा प्राण्याला मिळाले, की ज्याच्या उडीचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही!

‘का’ विचारण्याआधी ‘कशी’ विचारणे बरे. उडी साधारण दोन मीटरपर्यंत जाते, म्हणजे आपल्या घराच्या दाराएवढी. शाळेत शिकलेले गुरुत्वाकर्षणाचे सूत्र ज्यांच्या स्मरणात असेल त्यांनी गणित करून पाहावे. दोन मीटर वर जायचे तर पाणी सोडताना वेग सेकंदाला सव्वासहा मीटर हवा, म्हणजे ताशी सुमारे बावीस किलोमीटर. चांगला सायकलस्वार या वेगाने जातो. वर जाऊन खाली येण्यास सव्वा सेकंदाच्या आसपास लागतो. आता खर्च पाहू. पाकटाचे वजन वीस किलो धरले, तर ते दोन मीटर उचलण्यास लागणारी ऊर्जा अन्नाच्या हिशेबात एका किलोकॅलरीचा दहावा भाग भरते. शेंगदाण्याच्या एका दाण्यात तीनेक किलोकॅलरी असतात. पाण्याचा विरोध आणि स्नायूंत वाया जाणारी ऊर्जा धरली म्हणजे उडीचा खर्च कित्येक पट वाढेल, हे खरे. तरीसुद्धा उडी मारून पाकटाचे दिवाळे वाजते असे म्हणता येणार नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुष्कळदा असा युक्तिवाद होतो की, “एवढी शक्ती खर्च करतो त्या अर्थी फार मोठे कारण असलेच पाहिजे.” दारात उभा राहून मोठ्याने जांभई देणाऱ्या माणसाला मोठे कारण असावे लागत नाही.

आता उत्तरांकडे वळू. उत्तरे पुष्कळ आहेत. प्रत्येक उत्तर प्रथमदर्शनी गोड वाटते. परंतु उत्तर गोड आहे की नाही यापेक्षा, ते खरे असेल तर आणखी काय काय दिसायला हवे, हे विचारायचे असते.

पहिले उत्तर : शत्रूपासून पळण्यासाठी. यात तथ्य आहे. त्याच आखातात ओर्का नावाचे शिकारी येतात आणि ते मोबुलांची शिकार करतात, हे पाहिलेले आहे. पाखरूमासा मोठ्या माशापुढून असाच उडून जातो. पण पाखरूमासा उडतो तो लांबवर तरंगत जातो, पाठलाग करणाऱ्याला चकवतो. पाकट मात्र जिथून उडाले तिथेच जवळपास आदळते, आणि तेही आपण कुठे आहोत हे साऱ्या समुद्राला ऐकू जाईल अशा आवाजात. चोराला चुकवण्यासाठी कोणी थाळी वाजवीत पळत नाही. शिवाय शत्रूचा मागमूस नसतानाही उड्या चालूच असतात. तेव्हा हे उत्तर काही उड्यांना लागू पडेल, सगळ्या उड्यांना नाही.

दुसरे उत्तर : अंगावरचे परजीवी झाडण्यासाठी. याला चांगला आधार आहे, पण तो दुसऱ्या प्राण्यांकडून आला आहे. रेमोरा नावाचा एक मासा असतो. त्याच्या डोक्यावर चिकटण्याची चकती असते, आणि तो मोठ्या प्राण्यांना चिकटून फुकटचा प्रवास करतो. रेल्वेत असे प्रवासी आपण पाहतो. हवेत गिरक्या घेणाऱ्या एका जातीच्या डॉल्फिनचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. पाण्यावर आपटताना चिकट्या रेमोरा निसटावा एवढा जोर त्या गिरक्यांत असतो, असे त्यातल्या गणिताने दाखवले. मोठ्या मांट्याच्या पोटाला रेमोरा असतात, तेव्हा पोटावर पडण्याचे हे एक कारण असू शकेल. पण मग ज्याच्या अंगावर काही नाही त्याने कमी उडायला हवे. आणि हजारोंच्या कळपाला एकाच सकाळी एकदम खाज सुटावी, हे जरा नवलच.

तिसरे उत्तर सर्वांत नाट्यमय आहे : मादी उडी मारून हवेतच पिल्लाला जन्म देते. पाकटे पिल्लांनाच जन्म देतात, हे खरे. मोबुलाची मादी जवळपास वर्षभर गर्भ वागवते आणि एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. भाल्याने जखमी झालेली किंवा जाळ्यात अडकलेली मादी पिल्लू टाकते, हेही खरे. २०२२ साली अमेरिकेत अलाबामाच्या किनाऱ्याजवळ एक मोठे गरुड पाकट उडून एका कुटुंबाच्या नावेत पडले. नावेत त्याने चार पिल्ले टाकली, ती चारही मेलेली होती. आता नीट पाहा. हे बाळंतपण नव्हे, हा आघाताने झालेला गर्भपात आहे. मुशी आणि पाकटे पकडली गेली की असे वारंवार होते. दर्यावर्दी लोकांनी पाहिले ते खोटे नव्हते, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. हे उत्तर निकालात काढायला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. नर पाकटाच्या शेपटीच्या मुळाशी दोन कांड्यांसारखे अवयव असतात. पोट दाखवीत उडालेल्या पाकटाचे छायाचित्र घेतले की नर कोण, मादी कोण ते कळते. आणि उडणाऱ्यांत नरही असतात!

चौथे उत्तर : दणक्याने भक्ष्य एकत्र हाकलण्यासाठी. तसे असेल तर उडीनंतर तोंड उघडून चरणे व्हायला हवे, आणि उड्यांच्या जागा व चरण्याच्या जागा एकच असायला हव्यात. ज्याला हे पटते त्याने आधी हे दाखवून द्यावे.

पाचवे उत्तर मला स्वतःला अधिक विचार करण्याजोगे वाटते : आवाजासाठी. पाण्याखाली नजर फार लांब जात नाही. आवाज मात्र जातो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, पाण्यात सुमारे १५०० मीटर, आणि तो दूरवर टिकतो. पाकटाजवळ आपल्यासारखा कंठ नाही. फार काळ सारी पाकटे मुकीच समजली जात. २०२२ साली इंडोनेशिया आणि ऑस्ट्रेलियातल्या तळाशी राहणाऱ्या पाकटांनी माणूस जवळ येताच टकटक आवाज केल्याची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकारही चकित झाले. मग ज्याला मोठ्याने हाक मारता येत नाही त्याने काय करावे? पोट आपटावे. कोलांटीच्या कौतुकात आपण विसरतो, की बहुतेक पाकटे पोटावरच पडतात, म्हणजे मोठ्यात मोठा आवाज होईल अशा रीतीने पडतात. शेजारच्या पुराव्याचीही साक्ष काढता येते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हंपबॅक जातीच्या देवमाशांचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. दुसरा कळप चार किलोमीटरांहून दूर असला की हे देवमासे पाण्याबाहेर उसळण्याचे प्रमाण वाढते, असे त्यात आढळले. जवळ असले तर ते शेपटी किंवा पर आपटतात. म्हणजे जवळच्याशी बोलणे आणि लांबच्याला हाळी, असा काहीसा प्रकार. पाकटांचे थवे जमतात ते जोड्या जमवण्याचेही ठिकाण असते. तेव्हा “इकडे या, आम्ही इथे आहोत” अशी ती दवंडी असेल, किंवा “माझा दणका ऐका” अशी तरुणाची बढाई असेल. परंतु देवमाशाची साक्ष पाकटाच्या खटल्यात पूर्ण पुरावा होत नाही. दणक्याचा आवाज मुद्रित करून पाण्यात वाजवावा आणि पाकटे जवळ येतात की नाही ते पाहावे, अशा परीक्षेतूनच हे उत्तर पक्के होईल.

सहावे उत्तर : मौज. आपण हसाल. पण मांट्याचा मेंदू माशांमध्ये सर्वांत मोठ्यांत गणला जातो, आणि प्राण्यांचे खेळणे हा आता गंभीर अभ्यासाचा विषय आहे. त्याच्या कसोट्याही ठरवलेल्या आहेत : कृती तत्काळ उपयोगाची नसावी, आपखुशीची असावी, पुन्हा पुन्हा केलेली असावी, आणि प्राणी पोटभर खाल्लेला व निर्भय असताना ती घडावी. ही परीक्षा पाकटांना लावता येईल. मात्र दोन टोके टाळली पाहिजेत. मासा पाहिला की “किती आनंदात आहे!” म्हणणारे एक टोक, आणि जिवंत प्राण्याला घड्याळाचे यंत्र समजणारे दुसरे. पहिल्या टोकाला काव्य मिळते, दुसऱ्याला रुबाब मिळतो, पण पाकट दोघांच्याही हाती लागत नाही.

यातली फसगत ‘का’ या एका अक्षरात आहे. निकोलास टिंबर्गेन या डच प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ साली एक निबंध लिहिला. त्याने दाखवले की, प्राण्याच्या वागणुकीविषयी ‘का’ विचारताना आपण वस्तुतः चार वेगळे प्रश्न विचारत असतो. ही कृती घडवून आणणारी अंगातली यंत्रणा आणि तत्कालीन निमित्त कोणते? पिल्लाच्या वाढीत ती कशी येते? जगण्याला आणि वंशवृद्धीला तिचा उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ती कशी चालत आली? टिंबर्गेनला पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे चार प्रश्न पाकटाला लावून पाहा. चौथ्या प्रश्नाला तर आजच थोडे उत्तर देता येते. उड्यांसाठी प्रसिद्ध आहेत ती मुख्यतः पंख मारीत मोकळ्या पाण्यात हिंडणारी पाकटे. वाळूत पडून राहणाऱ्यांची अशी ख्याती नाही. म्हणजे मोकळ्या पाण्यासाठी मिळालेल्या पंखांनी उडीची सोय आयतीच करून दिली. सोय झाल्यावर तिचे उपयोग एकामागून एक जडत गेले असतील.

घरातलेच उदाहरण घेऊ. कोणी परदेशी माणूस आपल्या गावात आला आणि त्याने विचारले, “हे लोक टाळी का वाजवतात?” भजनात ती ठेक्यासाठी वाजते, सभेत शाबासकीसाठी, अंगणात कावळा हाकलण्यासाठी, दूर गेलेल्या पोराला बोलावण्यासाठी, रात्री डास मारण्यासाठी. आणि तान्हे मूल ती वाजवते ते नुसते वाजवता येते म्हणून. त्या परदेशी माणसाने एकच कारण सांगण्याचा हट्ट धरला, तर ते कोणतेही असले तरी चुकीचेच ठरेल. पाकटाची उडी ही टाळीसारखी असावी असे मला वाटते. एक कृती, अनेक प्रसंग. ओर्का मागे लागली तर पळ, पोटाला रेमोरा चिकटला तर झटका, थवा जमवायचा तर हाळी, आणि कोवळ्या वयात कदाचित केवळ गंमत. म्हणून ‘पाकट का उडते’ असा मोघम प्रश्न न विचारता ‘हे पाकट, या वेळी, या ठिकाणी का उडाले’ असा प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारायला चिकाटी लागते. नोंदवहीत वेळ, वारा, नर की मादी, थवा केवढा, पडले कसे, हे लिहीत बसावे लागते.

याच सवयीचा अभाव माणसाला महाग पडतो. २००८ सालच्या मार्च महिन्यात फ्लोरिडाच्या दक्षिणेस सुमारे चौतीस किलोचे एक गरुड पाकट उडाले आणि चालत्या नावेतल्या एका बाईंवर आदळले. त्या दगावल्या. पाकटही मेले. असा अपघात अत्यंत विरळा. त्या पाकटाला त्या बाईंशी काही देणेघेणे नव्हते. त्याच्या वाटेत नाव आली. परंतु ज्या प्राण्याला आपण एकदा सैतान म्हटले, त्याच्या प्रत्येक कृतीत आपल्याला हेतू दिसू लागतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना प्रांतात जमीनदार मंडळी होड्यांतून भाले घेऊन या ‘सैतानां’ची शिकार करीत, आणि त्यात पराक्रम मानीत. पराक्रम कोणावर, तर दातांनी चावण्याचीही ज्याची ऐपत नाही अशा, बारीक जीव गाळून खाणाऱ्या प्राण्यावर!

आज भाले गेले, जाळी आली. आणि इथे हा दूरचा विषय आपल्या दारात येतो. मोबुला आपल्याही समुद्रात आहेत. हिंदुस्थान, श्रीलंका आणि इंडोनेशिया येथील बंदरांत त्या मोठ्या प्रमाणात उतरवल्या गेल्या आहेत. पुष्कळदा दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यांत त्या सापडतात. पाण्यातले बारीक जीव गाळण्यासाठी त्यांच्या कल्ल्यांत पट्ट्या असतात. त्या सुकवून चीनमध्ये औषध म्हणून विकल्या जाऊ लागल्या आणि मांसाहून त्यांना मोल आले. ज्या मादीला वर्षभर गर्भ वागवून एकच पिल्लू होते, तिच्या जातीला ही विक्री किती दिवस पेलणार? म्हणून या पट्ट्यांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी २०१३ साली मांटा आणि २०१६ साली सर्व मोबुला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत घातल्या गेल्या. कोळी बांधवांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. जाळे टाकणाऱ्याचे पोट त्या जाळ्यावर असते. त्याला सोबत घेतल्याशिवाय समुद्रातले काहीच राखता येत नाही.

आणि ते राखता येते, याचेही उदाहरण त्याच आखातात आहे. काबो पुल्मो नावाच्या लहानशा गावातल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनी आपले पाणी ओसाड होताना पाहिले. त्यांनी मासेमारी सोडण्याचे ठरवले आणि सरकारकडे आग्रह धरला. १९९५ साली तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचे एकूण वजन साडेचारशे टक्क्यांहून अधिक वाढल्याचे मोजणीत आढळले. आता त्या पाण्यावर लोक पाकटांच्या उड्या पाहायला येतात, आणि त्यांना पाण्यावर घेऊन जाणाऱ्यांत पूर्वीच्या कोळ्यांची मुलेबाळे आहेत.

श्रोतेहो, एवढा वेळ एका माशावर घालवून आपल्या हाती काय लागले, असे कोणी विचारील. पाच वर्षांच्या मुलाने प्रश्न विचारला, तर “शत्रूला घाबरून” असे एक ठोक उत्तर फेकून त्याला गप्प करू नये. “उत्तरे सहा आहेत, आपण एकेक तपासून पाहू” असे म्हणावे. ज्या घरात असे म्हटले जाते, त्या घरात विज्ञान पुस्तकांशिवाय येते. पण तपासून पाहण्यासाठी प्रश्नाइतकेच पाकटही शिल्लक राहिले पाहिजे. थवे संपले तर हा प्रश्न सुटणार नाही, तो कायमचा बंद होईल, आणि सहा उत्तरांपैकी खरे कोणते हे सांगायला समुद्रावर एकही दणका उरणार नाही.